बायकांच्या घाटावरच्या कनाती

१४ डिसेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, "तुमचा निम्मा रक्तदाब गोळीने उतरेल. उरलेला निम्मा तुमच्या तोंडात आहे. ओरडावंसं वाटलं की वही काढा आणि लिहा." म्हणून ही वही. आजवर मी बिलांशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा भाषा मांडववाल्याचीच असणार.

सकाळी गोदाम उघडलं. मेळा तोंडावर आलाय. कनाती, म्हणजे मांडवाच्या कापडी भिंती, बाहेर काढून उन्हात घातल्या. दोन कनातींत उंदरांनी संसार थाटला होता, पोराबाळांसकट. आमचा मिस्त्री माझ्याकडचा सगळ्यात जुना माणूस. बांबूवर माकडासारखा चढतो आणि जमिनीला पाय लागले की कंबर धरून कण्हतो. तो म्हणाला, "मालक, पिल्लं मोठी होईपर्यंत या दोन राहू देत." मी ओरडणार होतो, पण डॉक्टर आठवले. राहू दिल्या.

नदीवरचा मेळा म्हणजे आमच्या घरचं कार्यच. वडिलांपासून मांडव आमचा. पौर्णिमेला पहिलं स्नान, अमावस्येला मोठं, मग पुढच्या पौर्णिमेला शेवटचं. आई होती तोवर घरचा दिवा ती नदीत सोडायची. तिच्यामागे ही सोडते. ही म्हणजे आमची मंडळी. एक वर्ष चुकलेलं नाही.

आणि आज दुपारी जेवताना ही म्हणते, "या वर्षी मी स्नानाला येणार नाही. तुम्ही वन्संना घेऊन जा."

घास हातातच राहिला. का, तर म्हणे असंच. बायकोचं "असंच" म्हणजे बंद गोदाम. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

मला वाटतं गुडघे. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि ओल्या असतात. आज औषधाच्या दुकानातून गुडघ्यांचे दोन पट्टे आणले आणि तिच्यासमोर ठेवले. तिने ते उलटसुलट बघितले. म्हणाली, "माझे गुडघे ठणठणीत आहेत. तुम्हीच घाला, जिने चढताना तुमचेच वाजतात."

मग अक्काला फोन केला. अक्का माझी थोरली बहीण. जग बुडालं तरी पहिलं स्नान चुकवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला चुकवूही देणार नाही. म्हटलं अक्का हिला झाडेल. तर ती म्हणाली, "नको म्हणते ना? मग नको. तिच्या मागे लागू नकोस." अक्का आणि असं बोलते! दोघींचं काहीतरी बिनसलं असणार. पण बिनसलं असतं तर अक्का तिची बाजू का घेईल?

हिने मोठा फोन आमच्या धाकट्या लेकीला देऊन टाकलाय. स्वतः जुना बटणांचा वापरते. डोळ्यांना त्रास होतो म्हणे. काटकसर चांगलीच, मी काही बोललो नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

घाटावर पहारी लागल्या. खड्डे घेतले, बल्ल्या उभ्या राहिल्या. पाण्यावर धुकं होतं, हात काकडले होते. पण पहिली बल्ली खड्ड्यात बसली आणि धप्प आवाज आला की माझं आयुष्य पुन्हा सुरू होतं.

यंदा अध्यक्षांना पाहुण्यांचा मंडप दुप्पट हवाय. मेळा समितीचे हे अध्यक्ष म्हणजे तोंडात साखर आणि खिशात कात्री. दुहेरी अस्तराच्या कनाती, झालरी, खाली गालिचे, एका कोपऱ्यात पाहुण्यांच्या बायकांसाठी कपडे बदलायची खोली, आरसा आणि गरम पाण्यासकट. मी म्हटलं, "असा मंडप करतो की पाहुणे घरी जायचं विसरतील." ते म्हणाले, "तेवढं मात्र नको."

मंडप घाटाच्या डोक्यावर. त्याच्या डाव्या हाताला फुलवाल्यांची रांग, रांगेच्या खाली बायकांचा घाट, आणि त्याच्याही पलीकडे नदीवरचा दगडी पूल. मांडवाच्या मधोमध उभं राहिलं की सगळं चित्रासारखं दिसतं.

२९ डिसेंबर, सोमवार

आज राहवलं नाही. संकल्प सांगणाऱ्या गुरुजींना विचारलं, घरच्या बाईने एक वर्ष स्नान चुकवलं तर काय होतं? ते चहात बिस्किट बुडवत होते. ते सावरून म्हणाले, "काही होत नाही. नदी हजेरी घेत नाही." मग बिस्किट तुटून चहात पडलं आणि त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन हिला हे सांगितलं. म्हटलं, दोष लागणार नाही, पण यावंसं वाटलं तर ये. ती दिव्यासाठी वाती वळत होती. जी येणार नाही ती वाती का वळते, हे विचारायचं राहून गेलं.

३ जानेवारी, शनिवार. पौर्णिमा, पहिलं स्नान

आज जे झालं ते नीट लिहितो.

अक्का काल आली. पहाटे मी आणि ती निघालो. हिने पिशवी भरून दिली. कोरडी साडी, पंचा, दिवा, द्रोण, ओटीचं सामान. दारात अक्काने हिचा हात धरला तो सोडेचना. मी म्हटलं चला, उशीर होतोय.

अक्काने गुरुजींकडून संकल्प घेतला, तीन बुड्या मारल्या, उगवतीला अर्घ्य दिलं, नदीची ओटी भरली. मी पाठ करून पायरीवर उभा होतो. मग ती थरथरत वर आली आणि म्हणाली, "दरवर्षी ती साडीचा आडोसा धरते. आज तू धर."

शेजारी फुलवाली होती, चांगली ओळखीची. ती म्हणाली, "अक्का, मी धरते की!" तर अक्का तिला म्हणते, "नको गं, तू धंदा बघ. हा रिकामाच उभा आहे."

मी साडी दोन्ही हातांत ताणून धरली आणि मान फिरवली. मान फिरवली ती पुलाकडे.

लहानपणापासून मी या घाटावर वावरतोय. या पुलाकडे मी कायम मांडवातून बघितलंय. बायकांच्या घाटावरून कधी बघितलाच नव्हता. पुलाच्या कठड्याला माणसं चिकटली होती, गुळाला मुंग्या चिकटाव्यात तशी. प्रत्येकाच्या हातात फोन. एकाकडे तर तोफेएवढा कॅमेरा. आणि सगळ्यांची तोंडं इकडेच, खाली. मी धरलेली साडी पुढून आडोसा करत होती. पुलावरून तर सगळं वरूनच दिसत होतं.

मी ओरडलो, "ए! काय काढतोस रे?"

वरून आवाज आला, "नदी काढतोय काका, नदी!"

"नदी काय एवढ्या एका कोपऱ्यातच आहे?"

ते हसले. एकाने माझाही फोटो काढला. धावत वर जावं तर हातात साडी. साडी सोडावी तर अक्का उघडी. दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखा मी उभा. माझ्या आजूबाजूला दहा-वीस बाया तशाच, एकमेकींना कोपर लावून, तोंडात पदराचं टोक धरून, ओल्यावर कोरडं नेसत होत्या. कुणी वर बघत नव्हतं. वर न बघायची त्यांना सवय होती.

"हात खाली नको," मागून अक्का म्हणाली.

"अक्का, ते वरचे लोक..."

"आज दिसले होय रे तुला?"

अक्काला नेमकी आजच एकही ओळखीची बाई कशी चालली नाही, याचं मात्र मला नवल वाटतंय.

४ जानेवारी, रविवार

अक्का सकाळच्या गाडीने गेली. ही भाजी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "तू स्नानाला येत नाहीस ते पुलामुळे का?"

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "मागच्या वर्षी कुणीतरी माझा फोटो काढला. साडी बदलतानाचा. तो फिरत होता. धाकटीला तिच्या मैत्रिणीने दाखवला, धाकटीने मला सांगितलं. वन्संना मी सांगितलं."

मी म्हटलं, "वर्षभर? आणि मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही काय केलं असतंत? चौकात उभं राहून ओरडला असतात. मग ज्यांनी बघितला नव्हता, त्यांनीही शोधून बघितला असता."

अगदी तेच केलं असतं मी. मी म्हटलं, तो कोण आहे ते कळू दे, त्याला बल्लीला बांधतो. ती म्हणाली, "मला तो नकोय. तो गेला तर उद्या दुसरा उभा राहील. माझा नदीवर राग नाही हो. पाण्यात मला कुणाची भीती वाटत नाही, तिथे आम्ही सगळ्याजणी असतो. भीती वाटते ती पाण्याबाहेर यायची."

देठं गोळा करून ती उठली. मी म्हटलं, "मी आडोसा करतो. बायकांच्या घाटावर. मोठ्या स्नानाच्या आधी."

"करा," ती म्हणाली. एवढंच. पण आत जाताना जरा थांबली.

६ जानेवारी, मंगळवार

अध्यक्षांकडे गेलो. सगळं बोलणं इथे उतरवतो, नाहीतर रक्तदाब मोजणारं यंत्र फुटेल.

मी म्हटलं, बायकांसाठी कपडे बदलायला आडोसा उभारू द्या. समितीवर काही भार नाही. कापड माझं, माणसं माझी.

"दरवर्षी बायका स्नान करतातच ना? परंपरा आहे."

"पुलावरून फोटो काढतात."

"तक्रार आहे का कुणाची? लेखी?"

"अशी तक्रार कोण बाई लिहून देईल?"

"म्हणजे तक्रार नाही." त्यांनी मला माहितीपत्रक दाखवलं. "हा बघा. पुलावरून घाटाचा फोटो. किती सुंदर दृश्य आहे! दरवर्षी हाच छापतो. मध्ये तुमच्या कनाती आल्या तर दृश्याचं काय?"

मी फोटोकडे बघितलं. दृश्यात रंगीबेरंगी साड्या होत्या. प्रत्येक साडीत कुणाची तरी बायको, बहीण होती. मी पत्रक उलटं करून टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. आणि एक लक्षात ठेवा, पायऱ्यांवर एक बांबू दिसला तर पुढच्या वर्षी मांडव दुसऱ्याचा."

तिथून पुलावर गेलो. तिथल्या हवालदाराला विचारलं, या लोकांना हटवता येईल का? तो म्हणाला, "पुलावर थुंकायला बंदी आहे. फोटोला नाही."

वडिलांनी लावलेला वेल माझ्या हातून तोडायचा की काय? पण बांबू पुरायचं मला येतं. मला दुसरं येतं तरी काय?

८ जानेवारी, गुरुवार

गोदामाच्या अंगणात नमुना उभा केला. फार सुरेख. पिवळं तलम कापड, चारी बाजूंनी कनाती, वर कमान, कमानीला झालर. हिला बोलावलं.

तिने लांबून बघितलं. म्हणाली, "आत जा. पंचा ओला करून नेसा आणि बदलून बाहेर या."

मी आत गेलो. ऊन पाठीमागे होतं. बाहेरून ही म्हणाली, "तुमचं पोट दिसतंय. आता वाकलात. आता एका पायावर उभे आहात. आता पडणार."

पडलोच. मिस्त्री बाहेर हसून हसून कंबर धरून बसला, या वेळी खरीच दुखली असावी.

मग ती आत आली आणि बोलायला लागली. इतकं बोलताना मी तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं. "कापड जाड हवं, गडद हवं. वर छत हवं, पूल वर आहे, विसरलात? कोरडे कपडे ठेवायचे कुठे, चिखलात? खुंट्या हव्यात, बायकांच्या हाताला येतील अशा, तुमच्या मिस्त्रीच्या नव्हे. खाली काथ्याची चटई. म्हाताऱ्यांना टेकायला बाक. आणि हे दार! दार असं समोरासमोर ठेवतात का? कुणी पडदा सरकवला की सगळा संसार रस्त्यावर. आत शिरताच वळण हवं. आणि पायरीपासून इथवर ओल्या अंगाने चालायचं ते कसं? तिथून दोन्ही बाजूंना कनात हवी, गल्लीसारखी."

मी म्हटलं, "आणि कमान? झालर?"

"झालर अध्यक्षांच्या कानाला बांधा."

आयुष्यभर मांडव घातले. आतून मांडव कसा असायला हवा ते आज मला कुणीतरी सांगितलं. ते माझ्याच बायकोने सांगितलं याचा मला अभिमान वाटला. जरा रागही आला.

१२ जानेवारी, सोमवार

काम जोरात आहे. ही रोज गोदामात येते. शिवणयंत्र तिनेच हलवून उजेडात घेतलं. जुन्या निळ्या कनाती दुहेरी करून शिवल्या. मिस्त्री तिला आता "मालकीण" म्हणतो आणि मला नुसतं "अहो".

आज मी म्हटलं, "तू सांगितलंस तसं सगळं करतोय. आता तरी अमावस्येला येशील?"

ती म्हणाली, "बघू. आधी टाका सरळ येऊ दे."

अडचण जागेची आहे. पायऱ्यांवर बांबू दिसता कामा नये, आणि पायऱ्यांपासून लांब आडोसा करून उपयोग नाही. दोन दिवस डोकं खाजवतोय.

१४ जानेवारी, बुधवार

जागा मिळाली!

म्हणजे झालं असं. ही आज फुलवालीकडे गेली होती, कशाला ते मला माहीत नाही. दुपारी फुलवालीच गोदामात आली. बाई आवाजाने एवढी दणदणीत की घाटावर तिने "ताजी फुलं" म्हटलं की पलीकडच्या काठाची गिऱ्हाइकं वळतात. म्हणाली, "दादा, आमची रांग पायऱ्यांच्या अगदी डोक्यावर आहे. आम्ही सगळ्याजणी जरा सरकून बसतो. मधली चार दुकानांची जागा तुमची."

"अगं पण समितीने ती फुलांसाठी दिलीय."

"आमच्या जागेवर आम्ही काय टांगायचं ते आम्ही बघू. कनातीला हार अडकवते, म्हणजे झालं फुलांचं दुकान. आम्हीसुद्धा दिवसभर तिथेच असतो दादा. आम्हाला काय कधी साडी बदलायची नसते?"

मी विचारलं, धंदा कमी होईल त्याचं काय? ती म्हणाली, "कोरडी झालेली बाई वेणी विकत घेते. ओली बाई पळत सुटते."

१६ जानेवारी, शुक्रवार

उभा राहिला. वळणाचं दार, छत, खुंट्या, बाक, चटई. एका बाजूला फुलवालीचे हार. गल्लीपुरतं कापड मात्र कमी पडलं. पायऱ्यांपासून आडोशापर्यंतची वाट उघडीच आहे. हिने ती पावलांनी चालून बघितली, वर पुलाकडे एकदा बघितलं आणि पदर अंगाशी ओढून परत आली. ते पदर ओढणं मला टोचलं.

१७ जानेवारी, शनिवार

अध्यक्ष आले. दोन कार्यकर्ते बरोबर. निळ्या कनातींकडे बोट करून म्हणाले, "हे काय?"

फुलवाली म्हणाली, "फुलांचं दुकान."

"संध्याकाळपर्यंत उतरवा," ते मला म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा मांडववाला. ठरलं."

खरं सांगतो, घाबरलो. वडिलांचं नाव, मिस्त्री, बाकीची माणसं, धाकटीचं शिक्षण, सगळं डोळ्यांपुढे आलं. उतरवावं आणि पुढच्या वर्षी अर्जविनंत्या करून बघावं, असंही क्षणभर वाटलं. ही आत बाक पुसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. बाक पुसायचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "उतरवायचं असेल तर तुमची माणसं आणा. माझी माणसं चढवतात. उतरवायचं ते शेवटच्या स्नानानंतर."

त्यांनी कार्यकर्त्यांकडे बघितलं. कार्यकर्त्यांनी फुलवाल्यांकडे बघितलं. सगळ्या उभ्या राहिल्या होत्या. कार्यकर्त्यांना अचानक दुसरीकडची कामं आठवली.

अध्यक्ष जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी कसा मांडव घालता ते बघतोच." बाक पुसायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

१८ जानेवारी, रविवार. अमावस्या, मोठं स्नान

हात दुखतायत, पण लिहितोच.

पहाटेपासून माणसांचा पूर. ही माझ्याआधी घाटावर होती. पदर खोचून दारात उभी. "आत पाच, बाहेर पाच. आजी, तुम्ही आधी. बाळ असलेली पुढे या. मैत्रिणींनो, खुंटी अडवू नका." जी पहिल्या स्नानाला यायला तयार नव्हती, तिचा आवाज फुलवालीच्या वरताण.

पण रांग वाढत चालली आणि ती उघडी वाट! बाया पायरीपासून कुडकुडत, अंग चोरत, वर न बघता धावत येत होत्या. पुलावर तर जत्राच. मी मिस्त्रीला म्हटलं, "चल."

"कुठे?"

"पाहुण्यांच्या मंडपात."

मिस्त्रीने कंबरेवरचा हात काढला. पाहुणे यायला अवकाश होता. दुहेरी अस्तराच्या कनाती, यंदाच्या सगळ्यात भारी, आम्ही एकामागून एक सोडल्या. छत राहू दिलं. खुर्च्या राहू दिल्या. पाहुण्यांच्या बायकांची खोली तेवढी तशीच ठेवली, त्याही बायकाच. बाकीच्या खांद्यावर टाकल्या आणि पायऱ्यांपासून आडोशापर्यंत दोन्ही बाजूंनी बांधत सुटलो. उरलेल्या गल्लीवर आडव्या टाकल्या. छतासकट गल्ली!

पुलावर गलका झाला. कुणीतरी शिट्टी मारली. मग कठड्यावरची गर्दी पातळ होत गेली. बघायला काही नसलं की माणसाला घर आठवतं.

एक म्हातारी बाई आतून कोरडी होऊन आली आणि बाकावरून उठेचना. "लग्न झाल्यापासून मी ओल्या लुगड्यात घरी जातेय," ती म्हणाली. "मला वाटायचं स्नानाचं पुण्य त्यातच असतं." ही हसली, तिच्या शेजारी बसली आणि मग एकदम रडायला लागली. म्हातारीने विचारलं नाही. पाठीवर हात फिरवत राहिली. मी तिथे असायला नको होतं, म्हणून बांबू आवळायला गेलो. तो आवळलेलाच होता.

पाहुणे आले तेव्हा अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा होता. चार बाजू उघड्या, मधोमध खुर्च्या, वारा मोकाट. मुख्य पाहुणे बसले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "वा! मोकळं मोकळं छान केलंय. नदी दिसते." अध्यक्ष म्हणाले, "मुद्दामच तसं करवून घेतलं."

निघताना लक्षात आलं, दिवसभरात हिचं स्नान झालंच नाही. तशी ती सगळ्यांच्या ओल्या साड्या पिळून नखशिखांत भिजली होती. मी म्हटलं, "अजून उजेड आहे. जा, तीन बुड्या मार."

"आज नको," ती म्हणाली. "आज पाय मोडलेत. येईन मी, माझ्या वेळेला."

२४ जानेवारी, शनिवार

समितीचा निरोप आला. पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला दिलंय. अपेक्षा होतीच. तरी वाचून झाल्यावर गोदामात एकटाच बसून राहिलो. वडिलांनी पहिली बल्ली पुरली तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होतो म्हणे.

ही आली, शेजारी गठ्ठ्यावर बसली. म्हटलं, "गेला मांडव."

"पाहुण्यांचा गेला," ती म्हणाली. "फुलवाल्या विचारतायत, पुढच्या वर्षी त्या आपापली जागा जोडून देतील, तर किती आडोसे होतील?"

मिस्त्री दारातून म्हणाला, "मालकीण, त्या उंदरांच्या दोन कनाती धरून?"

मला हसू आलं. पण काळजी गेली असं म्हणणार नाही. लग्नसराईची कामं धरावी लागतील, माणसं सांभाळावी लागतील. जमेल. न जमायला काय झालं?

१ फेब्रुवारी, रविवार. पौर्णिमा, शेवटचं स्नान

अक्का आली होती. आज दोघी निघाल्या तेव्हा पिशवी हिच्या हातात होती.

मी पुलावर उभा राहिलो. ते काम मी माझ्याकडे घेतलंय. कुणी फोन काढला की मी शेजारी जाऊन उभा राहतो आणि विचारतो, "काय काढताय? मलाही दाखवा ना." ओरडत नाही. त्याने जास्त माणसं पळतात.

वरून पाणी दिसत होतं. कंबरभर पाण्यात बायकांचा घोळका, त्यात अक्काचं पांढरं डोकं, शेजारी ही. हिने ओंजळीत पाणी धरलं, सोडलं. एक बुडी. दुसरी. तिसरीला जरा जास्तच वेळ खाली राहिली, मी कठड्यावरून वाकलो, मग हसतच वर आली, अक्काने तिला चापट मारली. द्रोणातला दिवा सोडला. तो आधी काठाकडे वळला, मग प्रवाहाला लागला. दोघी पायऱ्या चढल्या आणि कनातींच्या गल्लीत शिरल्या. त्यानंतर मला वरून कापडाशिवाय काहीही दिसलं नाही.

बऱ्याच वेळाने ती पलीकडून बाहेर आली. कोरडी साडी, पाठीवर मोकळे केस, फुलवालीशी काहीतरी वाद घालत, वेणीचं दर्शनी फूल शिळं आहे म्हणून. मग तिने मान वर करून सरळ पुलाकडे बघितलं. मला शोधलं आणि हाताने खाली बोलावलं.

गेलो. म्हणाली, "सगळ्यांची स्नानं झाली. तुमचं कधी? मेळा संपला की."

"बांबू उतरवायचेत अजून."

"बांबू कुठे पळून जातायत?"

पुरुषांच्या घाटावर कपडे काढून पायरीवर ठेवले. आम्हा पुरुषांना कसला आडोसा लागतो! पाणी असं गार की शिव्या आठवल्या. गुरुजींनी तळहातावर पाणी घातलं आणि विचारलं, "काय संकल्प धरायचा?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी चार आडोसे. छतासकट."

गुरुजी थबकले. "अहो, हे मंत्रात कसं बसवू? आरोग्य, धन, संतती असं काहीतरी सांगा."

काठावरून ही म्हणाली, "चार नाही, सहा."

"ऐकलंत ना?" मी म्हटलं. "साध्या भाषेत सांगा गुरुजी. सहा."

गुरुजींनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि साध्या भाषेत सांगितलं. मी पाणी सोडलं आणि बुडी मारली.